काशीनाथची स्टिक

— टेबलावर गडगडवून बघू नका, ठेवा ती खाली. येणारा प्रत्येक जण हेच करतो, मोबाइलवर बघून येतात सगळे — स्टिक टेबलावर सोडायची, खालून उजेड दिसला की म्हणायचं, वाकडी आहे. हे जेवायचं टेबल आहे, पूल खेळायचं नाही, आणि ही बिल्डिंग उभी आहे मिठागराच्या चिखलावर, एका बाजूला खचलीय. इथे लिंबू ठेवलं तरी गॅलरीकडे जातं. मागच्या आठवड्यात एक जण आला, चांगली सरळ स्टिक वाकडी म्हणून ठेवली आणि खरंच वाकलेली होती ती छातीशी धरून घेऊन गेला. मी कशाला बोलू? घरातली एक कमी झाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही चपला बाहेर काढल्यात आणि मेसेजमध्ये सुगंधाकाकू म्हणालात. घ्या हातात. जाड टोक गालाशी आणा, एक डोळा मिटा आणि टोकापर्यंत बघा — सुईत दोरा ओवताना बघतो ना, तसं. आता हळूहळू फिरवा. दिसली सरळ? झालं, निम्मं काम झालं.

आता तुम्हाला कितपत चांगली हवी, हा खरा प्रश्न. स्वस्तातली हवी असं लिहिलंत, ते बरोबर केलंत. रविवारी मीरा रोडला मित्रांबरोबर खेळता, म्हणजे खेळत नाही, समोसे खाता आणि मधेमधे बॉलला ढकलता. खोटं आहे? मग. जितेश, कोण हसलं तुम्हाला? — नाही, हसलं असणार कोणीतरी, पूल पार्लरमध्ये फुकट काठ्या असताना उगाच कोणी स्वतःची घ्यायला निघत नाही. ऑफिसातली आहे? नाव काय — अनुष्का. छान नाव आहे. आता ती अनुष्का काय करेल, सांगू? आतापर्यंत हरलात की म्हणत होतात, इथल्या काठ्याच भंगार. येत्या रविवारपासून तेही म्हणता येणार नाही. ऐटीत पिशवी उघडाल, स्क्रू फिरवून दोन तुकडे जोडाल, सगळे बघत बसतील, आणि पहिल्याच फटक्यात पांढरा बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे फाउल. हसताय काय, मी गंमत करत नाहीये.

बरं, बघा. ही ड्रॅगनवाली ठेवून द्या, तो ड्रॅगन म्हणजे स्टिकर आहे, स्टिकरने बॉल जात नाही. हिची टोकाची टिप प्लास्टिकवर चिकटवलीय, चार दिवसांत उडेल. ही दुसरी घ्या — रंग गेलाय, पण लाकूड सरळ आहे आणि टिप चामड्याची. टिप झिजली तर नवी बसवता येते, लाकूड वाकलं तर काही करता येत नाही. वजन? वजन हाताला विचारायचं. मागेपुढे करून बघा, खांदा दुखला नाही तर ते तुमचं वजन. तुमच्यासारख्या माणसाला याच्यापुढे काही लागत नाही. करा की मागेपुढे — बघा, मूठ बघा तुमची. बसचा दांडा धरलाय का? इतकी आवळतात? खाली आमचं पार्लर होतं तेव्हा कोणी अशी आवळली की तो उठायचा. आधी मनगट धरायचा, मग मुठीचं एकेक बोट उकलायचा, अंगठ्याने हातावर दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, “आता मार.” राई गावापासून तारोडीपर्यंतची पोरं त्याच्याकडून अशी हात उकलून घेऊन गेलीत.

तो म्हणजे कोण? तुमच्या मागे खुर्चीत बसलाय तो. माझा नवरा, काशीनाथ. मघापासून त्याला पाठ करून उभे आहात तुम्ही. नमस्कार कशाला करताय, त्याला उलट करता येणार नाही. गणपतीच्या आधी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू सगळं येतं, समजतंही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा — मग मी राहते बोलत. पूर्वी मी अहो म्हणायचे, चारचौघांत नाव घेतलं नाही कधी. आता काश्या म्हणते. भरवताना म्हणते, पुसताना म्हणते, कपडे बदलताना म्हणते, आल्यागेल्यासमोर म्हणते — कोण अडवणार आहे? तुम्ही मान खाली घालू नका, त्याला सवय झालीय.

चॅम्पियन म्हणायचे याला. सासऱ्यांची भातजमीन आणि मिठागर बिल्डरकडे गेलं, बदल्यात वर हे घर आणि खाली गाळा मिळाला. दुसऱ्या कोणी किराणा टाकला असता, याने पूलचं टेबल टाकलं. आणि चॅम्पियन कसला हो — बिल्डिंगबरोबर खालचं टेबलही खचलं होतं ना. कुठल्या कोपऱ्यात बॉल कसा वळतो ते याला पाठ, बाहेरचा खेळाडू आला की हरलाच. लोक टाळ्या वाजवायचे. मी चहा घेऊन उभी असायचे, मला दिसायचं, पण इतकी वर्षं कोणाला बोलले नाही. आज बोलले. बघा, पापणी हलली. पोचलं.

मला शिकवलं का विचारताय? नाही हो. एकदा मीच म्हटलं होतं, मला शिकवा. दुपार होती, पार्लर रिकामं, नवीन लग्न. मी स्टिक उचलली, मुद्दाम घट्ट धरली, तुमच्यासारखीच. वाटलं, आता येईल, मनगट धरेल. तर आहे तिथूनच म्हणाला, “ठेव ती. तुजा हात पीठ मळायचा हाय, तुला न्हाय जमायचं.” स्टिक माझ्याकडून घेतली, फडक्याने पुसली आणि जागेवर लावली. फडक्याने पुसली, कळलं का? — जाऊ दे. तुम्ही स्टिक बघा.

ती नाही, ही टेबलावरची बघा. तिकडे काय सारखं बघताय? हो, त्याच्या मांडीवर आहे ती त्याची स्वतःची. हो, विकायचीय. तीच तर विकायचीय, या बाकीच्या तिच्यासोबत जाहिरातीत टाकल्या. या साध्या स्टिकच्या भावात देते, घ्या. खराब नाही, उलट तुमच्या लायकीची नाही इतकी चांगली आहे. का विकतेय म्हणजे? हेमांगी येते ना, व्यायाम करून घेणारी, ती म्हणाली, उजव्या हाताला काहीतरी धरायला द्या, पकड परत येईल. रबरी बॉल दिला, पडला. चमचा दिला, पडला. मी माझा हात दिला. रोज देते — सकाळी आणि दिवेलागणीला बोटांत बोटं घालून बसते, हेमांगीने सांगितलंय म्हणून हं, मला काही हौस नाही. सैल. ओल्या फडक्यासारखी सैल बोटं. मग एक दिवस हेमांगीने गंमत म्हणून ही स्टिक दिली त्याच्या हातात, तर घट्ट. ओढली तरी सुटेना. तिला इतका आनंद झाला की तिने मला मिठी मारली. मी आत जाऊन गॅस पुसत बसले. — तेव्हापासून झोपतानाही तीच लागते. म्हटलं, विकून टाकू. काठी गेली की मग बघू काय धरतो ते.

काय झालं? साधीच पुरे? आता का, मघापासून तर डोळे तिच्यावर होते. तुम्हाला वाईट वाटतंय, ते तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही नाही नेलीत तर खालच्या भावेशला देईन, तो दुकानाचं शटर ओढायला वापरेल. मग त्याच्यापेक्षा तुम्ही बरे. या पुढे. पाठीमागून नाही, समोरून, त्याला दिसू दे. धरा ते टोक. त्याच्या तोंडाकडे बघू नका, काठीकडे बघा. ओढा. असं हळू नाही सुटायची, मी दोन्ही हातांनी ओढलीय, गुडघा खुर्चीला लावून. ओढा जोरात, त्याला काही होत नाही —

सोडली?

तुम्ही ओढलीत? नाही ना? मग — आपणहून सोडली. बोटं उघडली, मी बघितली. थांबा, हलू नका. काय करतोय तो? हात वर येत नाही त्याचा एवढा. येत नाही, हेमांगी म्हणाली, अजून खूप दिवस लागतील. तुमचं मनगट धरलंय. घट्ट धरलंय? सांगा ना मला, घट्ट आहे की नुसतंच टेकलंय? — घट्ट. बरं. मूठ नका आवळू आता, उघडू द्या त्याला. एकेक बोट. करंगळीपासून. असंच करायचा. आता टकटक करेल बघा.

केली. दोनदा.

अहो — तुम्हाला नाही, यांना म्हणतेय. अहो, मी इथे आहे, इकडे बघा. हा माझा हात. मूठ आवळलीय मी, बघा, चुकीचीच धरलीय. उघडा ना. या जितेशची उघडलीत तशी. — बोटं तरी हलवा.

न्या हो तुम्ही ती स्टिक. पैसे नकोत. साधी नाही, तीच न्या, आणि आता जशी हातात आहे तशीच धरून खेळा, म्हणजे कोणी हसणार नाही. सॉरी कसलं, तुमचा काय संबंध. निघा. आणि दार घट्ट ओढून घ्या जाताना, बिल्डिंग खचल्यापासून ते आपणहून उघडतं.