वीस डॉलर परत

लोरेटा : मंगळवारी चार हजार डॉलर आले होते, क्लिफ्टन.

क्लिफ्टन : आले नव्हते. येऊन गेले.

लोरेटा : साईटच्या स्टेटमेंटवर छापलंय बघ. दुपारी दोन चाळीस, चार हजार. दोन एक्केचाळीस, शून्य. मी तेव्हा डॉक्टरला गुडघा दाखवत होते. घरी आले तर तू विचारलंस, सूप गरम करू का.

क्लिफ्टन : मग दुसरं काय विचारणार?

लोरेटा : आलं काय होतं?

क्लिफ्टन : रॉयल, पोकरमधला सगळ्यात मोठा डाव. बदामाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. चाळीस हजार डावांत एकदा येतो, लोरेटा. सात महिन्यांत पहिल्यांदा आला.

लोरेटा : आणि एका मिनिटात घालवलास.

क्लिफ्टन : घालवला नाही. त्यावर दामदुप्पट लावली. तुला कितीदा समजावलंय. शंभर डॉलर खेळले की हा खेळ नव्व्याण्णव डॉलर चोपन्न सेंट परत देतो. सेहेचाळीस सेंट जातात. साईट शंभरामागे पन्नास सेंट कॅशबॅक देते. म्हणजे चार सेंट आपले.

लोरेटा : चार सेंट. बरं.

क्लिफ्टन : आता दामदुप्पट. जिंकलेलं सगळं पणाला लावून एक पत्ता उचलायचा. साईटच्या पत्त्यापेक्षा मोठा निघाला तर दुप्पट, लहान निघाला तर काही नाही. अगदी निम्मं-निम्मं, साईटला त्यात छदाम मिळत नाही. तरी त्या पैजेवरसुद्धा कॅशबॅक! अख्ख्या न्यू जर्सीत एवढी सरळ पैज नाही. म्हणून प्रत्येक जिंकलेल्या डावाला लावायचीच, असा मी नियम केला.

लोरेटा : मग चार हजारांवर काय मिळालं?

क्लिफ्टन : वीस डॉलर.

लोरेटा : ते पण छापलंय. मी म्हटलं, शाईचा डाग असेल.

क्लिफ्टन : हसू नकोस.

लोरेटा : हसत नाहीये मी. तुझ्या त्या नव्व्याण्णवात रॉयलचा वाटा किती?

क्लिफ्टन : साधारण दोन डॉलर.

लोरेटा : म्हणजे तो सोडला तर कॅशबॅक धरूनही शंभराला दोन डॉलर आपल्याच खिशातून जातात. सात महिने गेले. शेवटी तो बिचारा आला, तर तू त्यालाही बाहेर काढलंस.

क्लिफ्टन : सरासरी बघायची असते. दोनदा आला तर एकदा त्याचे आठ हजार होतात.

लोरेटा : कुणाच्या घरी? दुसऱ्या एखाद्या बाईच्या नवऱ्याकडे?

क्लिफ्टन : हिशोब बरोबर आहे, लोरेटा. फक्त भांडवल कमी पडलं.

लोरेटा : भांडवल नव्हतं रे ते. माझे गुडघे होते. एकतीस वर्षं कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभी राहिले, त्याचे पैसे. आणि आज तीन वाजता परत तिथेच नोकरीसाठी पत्ते पिसून दाखवायला जायचंय. सदुसष्टाव्या वर्षी परीक्षा! समोर बसणारा पोरगा मीच शिकवलेला आहे.

क्लिफ्टन : तुला नापास कोण करणार? रिटायर झाल्यावर वर्षभर तू दूध आणायला निघालीस तरी टाळी वाजवून तळवे दाखवायचीस. मी म्हणायचो, बाई, स्वयंपाकघरात कॅमेरा नाही!

लोरेटा : टेबल सोडताना पत्ते वाटणाऱ्या डीलरला तळवे कॅमेऱ्यापुढे धरावेच लागतात. हातात काही नेत नाही म्हणून. तेव्हा हसायचो आपण.

क्लिफ्टन : हो.

लोरेटा : पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आलास तेव्हा एक डॉलरही लावला नाहीस. मागे उभा राहून वहीत लिहीत होतास. विचारलं तर म्हणालास, मी शाळेत गणित शिकवतो, हरणारा खेळ मी खेळत नाही. म्हणून तर लग्न केलं तुझ्याशी. पिणारे, उडवणारे रोज समोर बसायचे. म्हटलं, हा एक शहाणा दिसतोय.

क्लिफ्टन : मी अजूनही हरणारा खेळ खेळत नाहीये.

लोरेटा : हा सरकारी अर्ज घे. जुगारबंदीचा. इथे सही केलीस की जन्मभर कुठलीच साईट तुला आत घेणार नाही. सही कर, मी तीनला जाते आणि सहाला घरी येते. नाहीतर तिथूनच व्हाइनलंडला ओपलकडे. बॅग गाडीत ठेवलीये.

क्लिफ्टन : बहिणीकडे? किती दिवस?

लोरेटा : सही कर, क्लिफ्टन.

क्लिफ्टन : आत्ता सही केली तर गेलेलं कायमचं गेलं. पुढच्या चाळीस हजार डावांत...

लोरेटा : पेन इथे आहे.

क्लिफ्टन : पंचाऐंशी तास फक्त. मी मोजलेत.

लोरेटा : एकच विचारते, खरं सांग. उद्या रॉयल परत आला. बदामाचाच. चार हजार. मी शेजारी बसलेय, तुझा हात धरून. दामदुप्पट लावशील?

क्लिफ्टन : तुझ्याशी खोटं बोलू?

लोरेटा : नको.

क्लिफ्टन : लावीन. तू बसलीस म्हणून गणित बदलत नाही ना.

लोरेटा : नाही. ते खरंय. सूप फ्रीजमध्ये आहे. गरम करून घे.

(ती उठते, टाळी वाजवते, दोन्ही तळवे उलटेपालटे करून दाखवते.)

क्लिफ्टन : हे काय? इथे कुठे कॅमेरा आहे?

लोरेटा : नाहीये. तूच बघ.