रा म्हणजे ये

नाही हो ताई, चावत नाही, चाखते ती. दात शिवशिवतात तिचे, एवढंच. बसा तुम्ही, खाटेवर बसा, खुर्ची नक्को, खुर्चीचा एक पाय तिनं आखूड केलाय. मेधा नाव म्हणालात ना — कोठी भागात राहता, बँकेच्या मागं, म्हणजे चालत दहा मिनिटं. चालतच आलात? हे बरं केलं. आणि चिठ्ठी वाचलीत ती किराणा दुकानाच्या खांबावरची? ती माझ्या नातीनं लिहिली, शिवानीनं. इंग्रजी शाळेतली पोर, मराठी लिहिते म्हणजे रांगोळी काढते, ठिपके फार, रेघा कमी. मी म्हटलं, लिही बाळ, पिलासाठी चांगलं घर पाहिजे, एकनाथराव, गौलीगुडा, बसस्टँडच्या मागची गल्ली. पोरीनं ‘पिलासाठी’ तेवढं गाळलं. चांगलं घर पाहिजे, एकनाथराव. मला काय, मी दुसरीपर्यंत शिकलेला, अक्षरं लावत बसायला डोळे कुठं आहेत. चार दलाल आले ताई. एकजण तर दिलसुखनगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन आला, नळाला पाणी, बाल्कनीतून डोंगर दिसतो म्हणे. मी म्हटलं, मियां, घर जिला पाहिजे ती ही बघा, तिलाच डोंगर दाखवा. ती त्याच्या पँटीला लोंबकळली. मग शिवानीनं चिठ्ठीवर कुत्रा काढला. त्या चित्रावरून आलात ना? वाटलंच. बकरीसारखं झालंय, पण काम झालं.

बिजली नाव तिचं. गल्लीतली बिजली दिवसातून चारदा जाते, ही जायचं नाव घेत नाही — थांबा, ते पुढं सांगतो. सापडली कशी म्हणता? आता घरोघरी रंगीत टीव्ही यायलेत, तर रोज सकाळी बसस्टँडच्या भिंतीशी खोकी पडलेली असतात. त्यातल्या एका खोक्यात ही बसली होती. खोक्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र, आत ही कुंईकुंई करतेय. मल्लम्मा आहे ना, फुलं विकणारी, तेलुगू बाई, माझी शेजारीण, तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. दिवसा मल्लम्माच्या टोपलीपाशी, बाकी वेळ माझ्याकडं, असं वाढलं हे लेकरू. आता चौथा महिना चालू आहे. सकाळी उठली की भिंतीला धडका देत चार फेऱ्या, मग माझं धोतर, मग दूधवाला. तुम्हाला पळायला येतं ना? येत नसलं तरी येईल.

ठेवून का घेत नाही — विचारा, सगळे विचारतात. ही चाळ पाडायची आहे ताई, इथं कॉम्प्लेक्स होणार, खाली एसटीडीचं दुकान अन् वर कॉम्प्युटरचे क्लास. रविवारी माझा ओमकार टेम्पो घेऊन येतोय. नव्या कंपनीत लागलाय, कुकटपल्लीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, सून चांगली आहे, माझी खाट कुठं ठेवायची तेही ठरवून ठेवलंय तिनं. पण तिथं कागदावर नियम आहे, कुत्रं चालत नाही. मी ओमकारला म्हटलं, म्हातारं चालतं ना, नीट वाचून बघ. हसला तो. मल्लम्माही लेकीकडं चालली सिकंदराबादला. म्हणजे रविवारपर्यंत घर मिळालं तर मिळालं, नाही तर ही परत त्या भिंतीशी. खोक्यातही मावणार नाही आता.

नाही, चपलेकडं बघू नका. बघितलीत? जाऊ द्या मग, खरं सांगतो. तुमची ती चप्पल मीच तिच्यासमोर चावायला सरकवली. तुम्ही पाणी पीत होता तेव्हा. रागावू नका ताई. मी कोठीत एका दवाखान्यात एकतीस वर्षं दारावर होतो, नंबर पुकारायचो. माणसं आत गेली की मी बाहेर चपला बघायचो. जोडी नीट लावून गेलेलं माणूस औषध वेळेवर घेणार. एक इकडं, एक तिकडं, म्हणजे घरात कुणीतरी फार आजारी आहे, त्याला आधी आत सोडायचं, डॉक्टरसाहेब काही म्हणोत. तुमच्या जोडीतली डावी टाचेकडून झिजलीय. उभं राहून काम करणारं माणूस. शिकवता? बघा. आणि पट्टा तुटला तरी तुम्ही पाय आत ओढून घेतलात, ओरडला नाहीत. हिम्मतराव ओरडला होता.

हिम्मतराव म्हणजे पहिलं घर. बेगम बाजारात मिरचीचं गोदाम आहे त्याचं, आमच्याच लातूरकडचा. मला वाटलं, आपला माणूस. राखणीला ठेवतो म्हणाला. मिरचीच्या पोत्यांत लेकरू ठेवतात का? तिला सोडून मी निघालो, अन् गल्लीच्या तोंडाशी पोचतो तर मागं शिंका. ही शिंकत शिंकत माझ्या मागं. मी म्हटलं, घरच वाईट. दुसरं घर त्रिवेणीबाईंचं, काचीगुड्याला, नर्सबाई त्या, अंगण आहे, पेरूचं झाड, दोन पोरी, पोरींनी हिच्यासाठी गोणपाट शिवून ठेवलं होतं. तिथूनही आली. फाटक बंद करायच्या आत, माझ्या पायात पाय घालत. त्रिवेणीबाई म्हणाल्या, काका, हिला तुमचाच लळा आहे, आम्हाला पाप नको.

तर मल्लम्मा हसायली. हिम्मतरावाकडून आलो त्या दिवशीच हसली होती, टोपलीतली फुलं सांडेस्तोवर. म्हणाली, ताता, म्हणजे आजोबा, तू निघताना हिला काय म्हणतोस? मी म्हटलं, काय म्हणणार, रा म्हणतो. आमच्याकडं राहाला रा म्हणतात, तुम्ही पुण्याकडचे असाल तर राहा म्हणत असाल. डोक्यावरून हात फिरवायचा अन् सांगायचं, रा गं माय, रा इथंच. पण तेलुगूत रा म्हणजे ये, जा म्हणायचं तर पो. आणि हिला पहिलं दूध पाजलं मल्लम्मानं, पहिली हाक मल्लम्माची, रा रा रा, की ही धावली. आता सांगा. मी म्हणतोय राहा, ही ऐकतेय ये. पन्नास वर्षं या शहरात राहिलो ताई, दारावर उभं राहून तेलुगू माणसांना रोज म्हटलं, रा अम्मा, रा बाबू, आत चला. आणि घरच्या कुत्रीशी बोलताना ध्यानात आलं नाही.

काय म्हणालात? हौ, हिम्मतरावाच्या दिवशीच सांगितलं मल्लम्मानं. मग त्रिवेणीबाईंकडं —

पाणी देऊ का अजून?

आता धरलंतच तर काय. माहीत होतं मला. फाटकापाशी वाकलो, त्या पोरी गोणपाट घेऊन उभ्या, ही मजेत पेरूची काडी चावत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. आणि तोंडातून निघालं, रा. एकदा नाही, दोनदा निघालं. जुनी सवय, असं मी सगळ्यांना सांगितलं. चांगलं घर होतं ते. परवा गेलो होतो विचारायला, त्यांनी मांजर आणलंय.

म्हणून तुम्हाला सांगतो, या वेळी मी तोंड उघडायचं नाही. तुम्ही उठा. मी हिला इथंच बसवतो, तुम्ही जिना उतरा, मागं बघू नका, लिंबाच्या झाडापाशी गेलात की वळा आणि म्हणा, रा. शाळेत मुलांना हाक मारता तसं नाही, हळू, लांबवून. दूध कोमट लागतं. शुक्रवारी मशिदीचा भोंगा झाला की सूर लावते, लावू द्या. घरी आई असतात म्हणालात ना, त्यांना म्हणावं, पहिले आठ दिवस पदर वर खोचून चाला.

चप्पल? थांबा, अनवाणी कशा जाल. ही घ्या, फळीवरची. भामाची आहे, माझ्या बायकोची, दोन वर्षं पुसून ठेवतोय. तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तेव्हा मी दारात उभा राहून म्हटलं, ये हं. आमच्यात घरातून निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत, ये म्हणतात, मग माणूस परत येतो. ती बरोबर मापाची होते का? होते. परत आणायची घाई नाही. रविवारच्या आत आणलीत तर मी आहे, नंतर कुकटपल्ली. निघा आता.

हळू, चौथी पायरी हलते.

बस गं. बस इथं. तिकडं बघ, माझ्याकडं काय बघतेस. बघ, पोचल्या ताई झाडापाशी. हां, ताई, तिथंच — आता म्हणा. अजून एकदा. ऐकलंस ना? तुलाच म्हणतायत. धोतर सोड. शेपूट तिकडं हलतेय अन् तोंड माझ्याकडं, असं कसं चालेल माय. मी काही बोलणार नाही म्हटलंय ना त्यांना.

घरातून निघणाऱ्याला जा म्हणवत नाही गं मला. मल्लम्माच्या बोलीत म्हणतो, तुला तेच कळतं.

पो, बिजली. पो.