सत्त्याण्णव टक्के हल्ला

आता एका पिवळ्या ठिपक्याला कोणी घाबरतं का, तुम्हीच सांगा! मी घाबरले. भर दुपारी, गोव्यात पेडण्याच्या आमच्या वीज कार्यालयात, हातात चहा, आणि स्क्रीनवर चोपडे गावाच्या लाईनीवर तो ठिपका... मग लाल झाला! लाईन बंद! खाली अक्षरं: 'सायबर हल्ल्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के.' ह्या मशीनला मीच शिकवलंय हो, आठ महिन्यांच्या नोंदी घालून घालून, कोणी चोर यंत्रणेत घुसला तर ओळख म्हणून! आणि तुम्हाला सांगते, लाईन बंद करायचा हुकूम कोणाच्या नावाने? आमच्या ऑपरेटर पांडुरंगमामांच्या! जे सकाळपासून रजेवर! म्हणजे त्यांचा पासवर्ड चोरला! वीस मिनिटांनी चोपडे चालू, पुढची लाईन बंद. मग ती चालू, त्याच्या पुढची बंद... हा चोर काय गावोगाव करत मांद्र्याकडे चालत निघालाय? सत्त्याण्णव टक्के!

मामांना फोन लावला, बिझी. उपकेंद्राला लावला, तोही बिझी! रजेवरचा माणूस दीड तास बोलतो कोणाशी? पणजीचे साहेब म्हणतात, "मॅडम, मशीन सांगतं ते करा, आणि मला मेल टाका." झालं! शेजारच्या टेबलावरचा सिद्धेश भाजी-पाव खात, "भियेतस कित्याक गो? मशीन तुझाच मां? दाब!" स्क्रीनवर हिरवं बटण: 'हल्लेखोराला बाहेर काढून वीज चालू करू?' बोट बटणावर... तुम्ही असतात तर दाबलं नसतं? सत्त्याण्णव टक्के हो!

पण ते उरलेले तीन... माझा जीव नेहमी तिथेच अडकतो. म्हटलं, मामांना शेवटचा फोन. अकरावा.

उचलला! पलीकडे ढोल, ताशे, आणि मामा ओरडतायत, "गो बाये, वीज घालू नको! देवाची तरंगां तारेखाला आसत! मी फोनार सांगतंय आणि उपकेंद्रातलो कृष्णनाथ लायन बंद करता, माझ्या पासवर्डान, तेका तेचो याद नाय! दरवर्सा असाच!"

दरवर्षी! आणि माझ्या आठ महिन्यांत जत्राच आली नव्हती! तरंगं म्हणजे देवाच्या सजवलेल्या, दोन पुरुष उंच काठ्या हो, गावोगाव फिरणाऱ्या मिरवणुकीत, माणसांच्या हातात, त्या उघड्या तारांखाली... आणि माझं बोट इथे!

बोट उचललं. आणि स्क्रीन आता विचारतोय, 'हल्लेखोराचं नाव?'

...आता काय लिहू? 'देव'?