त्या पडद्यासमोर कुणी बसत नाही

हॅलो? … हो आई, बोल. … अगं हो, इथेही तेच फिरतंय. गोल गोल. … नाही, तुझा फोन बिघडलेला नाही. त्याच्यावर राग काढू नकोस, नवा आहे तो.

ऐक ना… अगं, आधी ऐक. तू आहेस कुठे? … स्टँडवर? आणि बस? … म्हणजे अर्धा ताससुद्धा नाही. … बरं, झेरॉक्सवाल्या दादांना सांग, मुलगी त्याच कामाला बसलीये. फोटो आला की लगेच प्रिंट काढायचा. … रंगीत. मोठा.

कालच म्हटलं होतं, इथून काढून देते. तूच म्हणालीस, माझं मला येतं. … हो, येतं. सगळं येतं तुला.

… चिडले नाही गं.

छोट्यासारखा मुलगा बघितला म्हणणारा तो टायरवाला परत बोलला का? … आजच जाणार तो मुलगा? ट्रकबरोबर? … आई, भुवईवर खूण काय, कितीतरी पोरांना असते. … बरं, नाही म्हणत. मागच्या वेळीही काही म्हटलं नव्हतं. त्याच्या मागच्या वेळीही नाही. जा तू.

… हो, कळतंय मला. सहा वर्षांच्या छोट्याचा फोटो दाखवून तेवीसचा छोट्या कोण ओळखणार? म्हणून तर हे पेज केलं ना आम्ही. हरवलेल्याचा जुना फोटो टाका, आजचं वय टाका, चेहरा वाढवून मिळेल. … मिळेल म्हणजे, मिळायला हवा. सकाळपासून बऱ्याच घरांचं अडकलंय, तुझं एकटीचं नाही. साहेब माझ्या डोक्यावर उभे आहेत.

… काय झालंय ते सांगू? पेज स्वतः चेहरा काढत नाही. पेजमागे एक स्क्रिप्ट असते, ती दुसऱ्या एका प्रोग्रामला उठवते. चेहरा तो काढतो. तो काम संपवून परत येईपर्यंत स्क्रिप्ट वाट बघत बसते. आणि तो परत येत नाहीये. … नाही, बंद पडलेला नाही. बंद पडला असता तर स्क्रिप्टला कळलं असतं, तिने सांगितलं असतं की झालं नाही म्हणून. हा बंदही पडत नाही आणि येतही नाही.

…

हो. कळलं, काय म्हणतेस ते.

… आई, रडू नकोस तिथे. दुकानात लोक असतील. … मी नाही रडत. मला काम आहे.

एक सांग, किती वेळा दाबलंस ते बटण? … मोजलं नाहीस. बरं. … अगं, एकदा दाबून दिसलं नाही की थांबायचं. दर दाबण्याला तो प्रोग्राम नव्याने उठतो. सगळे आत गर्दी करून बसलेत, दुसऱ्यांना जागा नाही. … नाही, ओरडत नाहीये.

थांब हं… थांब जरा. काही घरांचं होतंय. नव्यांचं होतंय. पहिल्यांदा आलेल्यांचं पटकन होतंय, आणि… आपलं नाही. एक शिक्षक आहेत, मुलाला शोधणारे, त्यांचंही नाही, तेही आधी येऊन गेलेत. दुसऱ्यांदा येणाऱ्यांचंच अडकतंय.

… अगं बाई.

आलं लक्षात. पेज नव्हतं तेव्हा मी हा प्रोग्राम माझ्या टेबलावर चालवायचे ना, तर शेवटी तो एक चौकट दाखवायचा. हो की नाही, विचारायचा. मी न वाचता हो दाबून मोकळी. तो आताही विचारत असणार. फक्त आता सर्व्हरच्या पडद्यावर विचारतोय, आणि त्या पडद्यासमोर कुणी बसत नाही. … तेच तर. विचारून बसलाय, उत्तर द्यायला माणूसच नाही.

आतल्या खोलीत जाते. पंख्यांचा आवाज येईल, जरा मोठ्याने बोल. … हो, साहेब, तिथेच निघालेय. … तुला नाही गं.

हं. पडदा जोडला. …

आहे. हे बघ. 'या नावाचं चित्र आधीच आहे. ते पुसून हे ठेवू का?' खाली हो, नाही. … नाव छोट्याचंच. मागच्या वेळचं चित्र आहे ना, एकवीसचं, तुझ्या फ्रिजवर लावलंय ते. त्याच्याबद्दल विचारतोय. … नव्यांचं जुनं चित्र नसतंच, म्हणून त्यांना विचारत नाही.

पेज करताना सगळे बसलो होतो गं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की तेच घर परत येईल. … माझ्याही नाही. मलासुद्धा नाही सुचलं.

थांब, चौकटीमागे चेहरा दिसतोय. तयार आहे. फक्त…

आई, हा कोण आहे?

… नाही, छोट्या नाही. म्हातारा आहे कुणीतरी. गाल आत गेलेत. … खाली वय लिहिलंय. सत्तर.

आई, तू सत्तर टाकलंस?

… आकडा चुकला असेल म्हणून दुसरे टाकून बघितलेस, ठीक. चोवीस टाकायचं, पंचवीस टाकायचं. सत्तर कशाला? …

… हं.

… हं.

… नाही, वेडी नाहीस तू. मी कुठे तसं म्हटलं? सत्तरचा चेहरा निघाला म्हणजे तो सत्तरपर्यंत जगला, असं होत नाही गं. आकडा टाकला की निघतो चेहरा. कुणाचाही निघतो. … हो. बघावासा वाटला. कळलं मला.

सरकवतेय एकेक. साठ. … पंचेचाळीस. टक्कल पडलंय बघ, मामासारखं. … हसू नकोस, खरंच. … ही कुणाची तरी मुलगी आहे. हिच्या घरचेही ताटकळलेत. थांब हं बाळा, आलेच. … तीस.

तेवीस. सापडला. सगळ्यात आधी टाकलास तो सगळ्यात खाली.

… दिसतोय चांगला. कान तेच. सुपाएवढे. … हो म्हणू? एकवीसचा पुसला जाईल इथला. … तुझ्याकडे फ्रिजवर आहेच. … नक्की? … हो म्हटलं.

पाठवला. आला? … दादांना दे. …

कसा आलाय? … आई? कसा आलाय?

… हो. मलाही तसंच वाटलं. बाबांचा लग्नातला फोटो.

नीट ठेव, दुमडू नकोस. आता बाकीचे मोकळे करते, म्हणजे त्या मुलीच्या घरच्यांचं होईल. … यांना नाही म्हणावं लागणार, आई. हो म्हटलं तर तेवीसचा पुसला जाईल. … तीस, नाही. … पंचेचाळीस, नाही. … साठ… नाही.

…

अगं, आहे मी. हा राहिलाय एक. सत्तरवाला.

… नाही दाबत. दाबवत नाहीये. हो म्हटलं तर छोट्या म्हणून हाच राहील, आणि तू सत्तरपर्यंत शोधत बसशील. नाही म्हटलं तर… नाही कसं म्हणू याला? … हो, मघाशी मीच म्हणाले, नुसता आकडा आहे. तरी नाही म्हणवत गं मला.

… राहू दे त्याला. एकटा बसला तर कुणाचं अडत नाही. त्या मुलीला मोकळं केलंय, बघ. साहेबांच्या फोनची घंटाही थांबली. पडदा काढून घेते, तो आत आहे तसा राहील.

बस लागली? … जा, जा. खिडकीशी बस. पाणी घेतलंस ना? … मी पुढच्या गाडीने… नाही, उद्यापर्यंत गाडीच नाही ना. बरं. एकटीच जा. पण गेल्या गेल्या फोन कर. तो नसला तरी कर. नसला तर आधी मलाच कर.

आणि ऐक ना… अगं, एकच ऐक. भुवईकडे बघून हुरळू नकोस. आधी कान बघ. म्हातारपणापर्यंत तेच राहिलेत, मी बघितलेत आत्ता. कान बघ, आई. केस मागे करायला सांग आणि… हॅलो?

हॅलो? … आई?