मागच्या गल्लीचा वांधा

परवा काय झालं, सोसायटीमागच्या जमिनीवर प्लॉट पाडायचेत म्हणून प्लॅनिंगवाले गुजराती साहेब नकाशा घेऊन आले. नकाशा उघडला की मला राहवत नाही. वाकून बघितलं तर मागची गल्लीच गायब. म्हणजे पोरांनी शाळेत हायवेवरून जायचं?

पण समोर बिल्डर बसलेला, आणि आमची अर्धी माणसं त्याच्याकडेच कामाला. साहेबांनी विचारलं, "कोईने वांधो छे?" म्हणजे कुणाची हरकत आहे का. सगळे बिल्डरकडे बघायला लागले.

शेजारची सखूमावशी नुकतीच धुळ्याहून लेकाकडे आलेली, गुजराती कळत नाही. तिला वाटलं, साहेब सुखदुःख विचारतोय. ती म्हणाली, "वांधाच वांधा शेतस, साहेब. गुडघा दुखतस, सून बोलत नही."

साहेबांना फक्त 'वांधा' कळला. मला म्हणाले, "शुं कहे छे?" म्हणजे काय म्हणते ही.

मी म्हटलं, "गल्ली बंद करू नका म्हणते. पोरं शाळेत कुठून जातील?"

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. साहेबांनी पेन काढलं आणि नकाशावर गल्ली परत आखली.

घरी येताना मावशी हळूच म्हणाली, "साहेब चांगला माणूस शे. पण मन्ही सूनले कव्हय समजाडी?"