न जाणारा डाग

...नाही, पण मी म्हणतो, धूळ ती धूळच ना? तुम्हीच सांगा. निवृत्त झाल्यापासून घरातली झाडलोट माझ्याकडे, हौसेने हो, सक्तीने नाही; आमच्याकडे कुठेही बोट फिरवा, जसंच्या तसं परत मिळेल. पण आमची ही खगोलशास्त्रज्ञ, आणि तिच्या खोलीत फडकं न्यायला मला बंदी. का, तर कागद हलतात. मी आपला दारात उभा राहून हळहळायचो.

आणि ही अभ्यास कशाचा करते? धुळीचा. "अहो, तारा नवा असतो ना, तेव्हा त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची चकती फिरत असते. कणाला कण चिकटतो, त्यांची ढेकळं होतात, ढेकळांचे डोंगर, आणि डोंगर एकत्र येऊन ग्रह. आपली पृथ्वीही अशीच झाली." म्हटलं, म्हणजे वेळेवर कुणी झाडलं नाही म्हणून आपण आहोत? तर म्हणते, "अगदी तसंच." पण धूळ ती धूळच ना?

तर तुम्हाला सांगतो, असाच एक तान्हा तारा ही कित्येक वर्षं धरून बसलेली. त्याच्या चकतीत एक काळी फट. हिचं म्हणणं, तिथली धूळ कुणीतरी गिळली, आत ग्रह आहे. आणि हिचे साहेब, नाकातून, "बाईंऽ, फट दिसते, ग्रह दिसत नाही. सोमवारपासून दुर्बीण दुसऱ्यांना देऊ." त्या दिवशी ही आली ती जेवलीच नाही. मला इतकं वाईट वाटलं... आणि वाईट वाटलं की मला एकच काम सुचतं.

ही आंघोळीला गेली, मी फडकं घेऊन आत. संगणकाच्या पडद्यावर त्या ताऱ्याचा फोटो, आणि फोटोवर बोटांचे ठसे, चहाचे शिंतोडे, काय नव्हतं? सगळं निघालं. एक ठिपका निघेना, नेमका त्या फटीत. ओलं फडकं झालं, सुकं झालं, तोंडाची वाफ दिली, नखाने खरवडलं... ढिम्म. तेवढ्यात ही मागे उभी, केसांतून पाणी गळतंय.

"काय चाललंय?"

"अगं, हा डाग जात नाहीये."

"चहाचा आहे तो, कधीपासून बघतेय मी..." आणि थांबली. फोटो सरकवला, तर डागही सरकला. मग जुने फोटो काढले. दर फोटोत डाग फटीतून थोडा थोडा पुढे चालत आलेला. ही मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. मीही लागलो, कशासाठी ते मला नंतर कळलं: डाग नव्हताच तो, हिचा ग्रह होता.

दुर्बीण राहिली हो हिच्याकडेच. साहेब फोनवर म्हणतात, "बाईंऽ, मला वाटतच होतं."

मी म्हटलं, आता तरी खोली झाडू का? ही हसून म्हणाली, "झाडा." शेवटी एकदाचा झाडू घेऊन मी टेबलाखाली वाकलो, तर कोपऱ्यात धुळीचा एक गोळा. राखाडी, गोल, चांगला बाळसं धरलेला. झाडू उचलला, आणि तुम्हाला सांगतो, हात पुढे जाईना. धूळ ती धूळच ना? कबूल... पण अजून लहान आहे हो ते. म्हटलं, राहू दे.