शोभाबाईंना दिलेली बाटली

पंच्याण्णव साली सिल्वासात आंबवलेल्या चहाचं खूळ घरोघर शिरलं होतं. दवाखान्याच्या रांगेत भास्कर पोट धरून उभा होता आणि त्याच्या पुढे सायली गावच्या कंपनीत कामाला असणाऱ्या दोघी बोलत होत्या.

"मंजुळामावशी, तुम्ही दिलेल्या चहानं रातभर पळवलं मला."

"किती घेतलास गं जया?"

"पेला भरून."

"अगं माय! पहिल्यांदा दोन चमचेच घ्यायचा असतो."

"तुम्ही तर म्हणालात, गुडघेदुखी जाते."

"मग गेली ना?"

"पोटापुढं गुडघ्यांची आठवण कुणाला राहिली!"

भास्करला हसू आवरेना, पण हसलं की कळ यायची.

"बरणी ओतून टाकू का?" जयानं विचारलं.

"नको गं. चहावर धरते ती जाड साय दुसऱ्याला विरजणाला द्यावी, म्हणजे गुण येतो."

"दिली की. माझ्या गुड्डीच्या शाळेतल्या शोभाबाईंना. वर बाटलीभर तयार चहा. त्यांच्या मिस्टरांना पित्ताचा लई त्रास आहे म्हणे."

"दोन चमच्यांचं सांगितलंस?"

"मला तरी कुठं माहीत होतं!"

मागून कोणी कण्हलं, तशी जया वळली.

"भाऊ, तुम्हाला काय होतंय?"

"विशेष काही नाही," भास्कर म्हणाला. "मी शोभाबाईंचा नवरा."